करतोय ना विचार!

गेली अकरा वर्षं मी पुण्यातल्या एका स्टुडिओत ऑडिओबुकांचं एडिटिंग करते. काचेपलीकडे बसून कुणीतरी पुस्तक वाचतं आणि ते रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर येतं. अडखळलेलं वाक्य काढायचं, पान उलटल्याचा आवाज काढायचा, खुर्ची कुरकुरली असेल तर तेवढा तुकडा काढायचा, श्वास हलका करायचा. पण सगळ्यात जास्त मी काय कापत आले असेन, तर शांतता. पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो आणि शांतता सपाट रेघेसारखी. रेघ लांबली की ऐकणारा कंटाळून निघून जाईल, ही भीती आमच्या धंद्यात सगळ्यांच्याच मनात असते. म्हणून रेघ आखूड करायची. दिवसभरात अशा शेकडो रेघा.

तीन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ नटाने आमच्याकडे काही विनोदी कथा वाचल्या. त्यातल्या एका कथेत बायको नवऱ्याला विचारते, "माहेरून आलेला चिवडा कसा झालाय?" नवरा काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "कुरकुरीत आहे." त्या दोन वाक्यांमधली रेघ मी सवयीने आखूड केली. फाइल त्यांना ऐकायला गेली आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "बाळ, माझी एक जागा गेली गं तिथे."

जागा. गाण्यात जागा असते, नाटकात टाळीची जागा असते, हशाची जागा असते. लहानपणापासून मी हा शब्द ऐकत होते. ती ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असते, तिथे त्याने येऊन बसायचं असतं, हे मला त्या फोननंतर कळलं. मूळ फाइल काढून मी ती शांतता होती तिथे परत बसवली. काम दहा मिनिटांचं होतं, पण मन थाऱ्यावर येईना. तोवरच्या आठ वर्षांत अशा किती जागा मी बुजवल्या असतील?

आमच्या रेकॉर्डिस्ट सरांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. "जॅक बेनी ऐक. अमेरिकन रेडिओवरचा विनोदवीर. २८ मार्च १९४८ चा भाग आधी ऐक, मग पहिल्यापासून सगळे."

तो भाग मी घरी ओट्याजवळ मोबाइलवर लावला. आई मेथी निवडत बसली होती. बँकेत नोकरी करून तिचं इंग्रजी पक्कं झालेलं, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. प्रसंग असा. रात्रीची वेळ आहे. जॅक बेनी शेजारी राहणाऱ्या रोनाल्ड कोलमनकडून घरी परततोय. कोलमन हा खराखुरा नट, त्याला नुकतंच ऑस्कर मिळालेलं, आणि ते ऑस्कर जॅकने चक्क उसनं मागून आणलंय. अंधारात एक चोर आडवा येतो आणि दरडावतो, "पैसे काढ, नाहीतर जीव घेईन!"

मग काहीच नाही. रेडिओवर काहीच नाही म्हणजे खरोखरच काही नाही. चेहरा नाही, हात नाहीत, पडदा नाही. स्टुडिओत बसलेले प्रेक्षक त्या शांततेतच हसायला लागतात. चोर खेकसतो, "ऐकू येत नाही का? पैसे की जीव?" आणि जॅक वैतागून म्हणतो, "करतोय ना विचार!"

मला हसू आलं. आईने जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "बरं, मग?"

मी समजावून सांगितलं, की तो कंजूष असतो. "ते कळलं गं," ती म्हणाली. "पण मला हसायला नाही आलं. आमच्या लहानपणी मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. टेकाडे भावजींनी दारातून नुसतं 'वहिनी' म्हटलं तरी आम्ही सगळी हसायचो. पण ते घरचे होते. हा कोण?"

बाळ कुरतडकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि ते प्रभाकरपंत. ज्यांनी ऐकलं त्यांना आजही त्या आवाजांची सय येते. आईच्या 'हा कोण?' या प्रश्नाचं उत्तर शोधायला म्हणून मी बेनीच्या मागे लागले, ती अजून सुटलेली नाही.

तो १८९४ साली १४ फेब्रुवारीला शिकागोत जन्मला आणि तिथून जवळच्या वॉकीगन या गावात वाढला. खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. सहा वर्षांचा असताना हातात व्हायोलिन आलं, आणि पोराने मोठा वादक व्हावं ही घरच्यांची इच्छा. शाळेत लक्ष नाही, हायस्कूलमधून काढून टाकलं. गावातल्या थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवताना पुढे सिनेमात गाजलेल्या मार्क्स बंधू या विनोदवीरांच्या आईने त्याला आपल्या फिरत्या खेळात यायला सुचवलं, पण पोरगा लहान, घरच्यांनी नाही म्हटलं. पुढे तो व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या फिरत्या खेळांमध्ये गेलाच. कुबेल्स्की हे नाव यान कुबेलिक या नामांकित व्हायोलिनवादकाच्या नावासारखं ऐकू येतं, अशी हरकत आली म्हणून ते बदललं. बदललेलं बेन बेनी हे नाव बेन बर्नी नावाच्या दुसऱ्या कलाकाराशी मिळतंजुळतं निघालं, म्हणून तेही बदललं. शेवटी जॅक. पहिल्या महायुद्धात आरमारात खलाशी एकमेकांना जॅक म्हणून हाका मारत, तिथलंच ते नाव. त्याच आरमारातल्या एका कार्यक्रमात त्याचं व्हायोलिन प्रेक्षकांना आवडेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की ते खाली ठेव आणि बोल. तो बोलला आणि लोक हसले, असं सांगतात.

रेडिओवर तो आला मार्च १९३२ मध्ये, एड सलिव्हन या वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून. स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाला, आता मी जरा थांबतो, म्हणजे सगळ्यांना 'असेल! आम्हाला काय त्याचं?' असं म्हणता येईल. हे मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. त्या माध्यमातल्या पहिल्याच खेपेला त्याने ऐकणाऱ्यासाठी जागा सोडली होती. त्याच वर्षी २ मेपासून त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला, कॅनडा ड्राय या सरबतवाल्या कंपनीच्या पैशांवर. पुढे प्रायोजक बदलत गेले. जेलो या जेलीवाल्या कंपनीच्या काळात तर 'हॅलो अगेन'ऐवजी तो 'जेलो अगेन' म्हणूनच कार्यक्रम उघडायचा. रविवारी संध्याकाळी सातची वेळ त्याची झाली आणि वर्षानुवर्षं त्याचीच राहिली.

आता त्याने काय केलं ते सांगायला हवं. इतर विनोदवीर सगळ्यांची टोपी उडवत होते. बेनीने स्वतःच्या नावाचं एक माणूस तयार केलं आणि त्याची टोपी उडवायला बाकीच्यांना मोकळीक दिली. हा जॅक बेनी कंजूष, स्वतःला देखणा समजणारा, व्हायोलिन भयंकर वाजवणारा, आणि वय विचारलं की दरवर्षी ३९ सांगणारा. त्याच्या घराच्या तळघरात तिजोरी आहे. तिथे जायचं म्हणजे पावलं, साखळ्या, कड्या, एकामागून एक करकरणारे दरवाजे, मग भोंगे. तिथे एड नावाचा म्हातारा पहारेकरी असतो. तो इतकी वर्षं वर आलेला नाही की जगात काय चाललंय हे त्याला जॅककडूनच कळतं. मी ध्वनीच्या धंद्यातली आहे म्हणून सांगते, त्या तिजोरीच्या वाटेवर एक शब्दही नसतो आणि तरी माणूस पोट धरून हसतो. प्रत्येक कडीबरोबर तुम्ही डोळ्यांनी बघत असता की हा माणूस पैशाला किती जपतो.

त्याची गाडी मॅक्सवेल, बनवणं केव्हाच थांबलेली. ती सुरू होताना खोकते, शिंकते, धापा टाकते. तो आवाज मेल ब्लांकच्या गळ्यातला. जगभरच्या मुलांना ठाऊक असलेला बग्ज बनी हाही त्याचाच आवाज. गाडीच्या आवाजाची तबकडी ऐन वेळी वाजली नाही म्हणून त्याने तोंडानेच गाडी सुरू केली, आणि मग तेच कायम झालं, अशी गोष्ट आहे.

याच ब्लांकची आणखी एक जागा मला फार आवडते. रेल्वे स्टेशनवर निवेदक घोषणा करतो: गाडी सुटतेय अनाहाइम, अझुसा आणि क्यूक... आणि थांबतो. बऱ्याच वेळाने उरलेलं '...अमंगा'. कॅलिफोर्नियातली ही तिन्ही खरी गावं. हा विनोद पुन्हा पुन्हा आला आणि दर खेपेला मधलं अंतर वाढत गेलं, इतकं की 'क्यूक' आणि 'अमंगा' यांच्या मध्ये वेगळाच प्रसंग घडून जाऊ लागला. एका गावाचं नाव मधोमध तोडून ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं, आणि त्याने ते हसत सहन करायचं! त्या गावाला आता रांचो कुकमंगा म्हणतात, आणि तिथे आज जॅक बेनीचा पुतळा आहे.

बायको मेरी लिव्हिंगस्टन कार्यक्रमात होती, पण बायको म्हणून नाही, त्याची फजिती करणारी मैत्रीण म्हणून. निवेदक डॉन विल्सन, वाद्यवृंदाचा फिल हॅरिस, गायक डेनिस डे, सगळ्यांना वाक्यं मिळायची आणि हशा त्यांच्या पदरात पडायचा. जॅकचं उत्तर बहुतेक वेळा एकच, लांबवलेलं 'वे...ल!' हशा कुणालाही मिळो, दुसऱ्या दिवशी लोक म्हणणार बेनीचा कार्यक्रम काय रंगला होता, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचे लेखक त्याला उत्तम संपादक मानायचे. नेमका कुठला शब्द जास्तीचा आहे हे त्याला कळायचं. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. तो शब्द काढायचा आणि शांतता ठेवायचा. मी शब्द जसेच्या तसे ठेवून शांतता काढत आले होते.

कंजूषपणाच का चालला असेल? १९३२ म्हणजे अमेरिकेत मंदीने लोकांचं कंबरडं मोडलं होतं, नोकऱ्या गेल्या होत्या, बँका बुडत होत्या. घराघरात पैसा मोजून खर्च होत होता. मला वाटतं, त्या लोकांना हा माणूस परका वाटलाच नाही. स्वतःच्या मनातली भीतीच त्याच्या तोंडून बोलताना त्यांनी ऐकली, आणि तिच्यावर हसता आलं. हा माझा अंदाज. आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आमच्या वाड्याचे मालक जिन्यातला दिवा विझवायला रात्री स्वतः खाली यायचे. आम्ही त्यांना हसायचो, आणि घरी आईही तेच करायची."

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली आणि ती झाकून पुढे जाणं बरोबर नाही. १९३७ मध्ये एडी अँडरसन हा कृष्णवर्णीय नट एका भागात रेल्वेच्या डब्यातला सेवक म्हणून आला. लोकांना तो इतका आवडला की तो जॅकचा घरगडी रॉचेस्टर झाला आणि शेवटपर्यंत राहिला. त्याचा तो खरखरीत आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. लहानपणी रस्त्यावर ओरडून वर्तमानपत्रं विकताना त्याचा गळा कायमचा बसला होता. सुरुवातीच्या वर्षांतले रॉचेस्टरवरचे कितीतरी विनोद काळ्या माणसांबद्दलच्या हीन समजुतींवर उभे होते. दारू, जुगार, आळस. ते ऐकताना मी दोनदा फाइल बंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर, ज्यू लोकांचं काय झालं हे जगाला कळल्यावर, बेनीने तसले विनोद बंद करायला सांगितलं. १९५० मध्ये एक जुनी संहिता पुन्हा वापरली गेली तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या, आणि ते योग्यच होतं. नंतरचे भाग ऐकले तर रॉचेस्टर घरातला सगळ्यात शहाणा माणूस आहे. मालकाचं खरं रूप त्याला पुरेपूर ठाऊक आहे आणि तो ते तोंडावर सांगतो. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या नोकराने गोऱ्या मालकाला असं बोलणं, आणि देशाने रविवारी संध्याकाळी एकत्र बसून त्यावर हसणं, ही लहान गोष्ट नव्हती. पण आधीचे भागही त्याचेच आहेत. दोन्ही एकाच पेनड्राइव्हवर आहेत.

व्हायोलिनची कथा वेगळी. ३० डिसेंबर १९३६ ला फ्रेड अ‍ॅलन या दुसऱ्या रेडिओ विनोदवीराच्या कार्यक्रमात स्टुअर्ट कॅनिन नावाच्या दहा वर्षांच्या मुलाने 'द बी' ही अवघड रचना वाजवली. अ‍ॅलन जाता जाता म्हणाला की हे ऐकून जॅक बेनीला लाज वाटली पाहिजे. बेनीने आपल्या कार्यक्रमातून उत्तर दिलं आणि दोघांचं 'भांडण' सुरू झालं. दोन वेगवेगळ्या कार्यक्रमांमधून एकमेकांवर चिखलफेक, ती वर्षानुवर्षं चालली. प्रत्यक्षात दोघे मित्र होते. त्या मुलाचं पुढे काय झालं ते शोधलं. १९४५ मध्ये तो अमेरिकन सैन्यात होता आणि पॉट्सडॅमच्या परिषदेत ट्रुमन, चर्चिल, स्टालिन यांच्यापुढे त्याने व्हायोलिन वाजवलं. नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या सिम्फनीत तो प्रमुख वादक झाला.

बेनी स्वतः बरा वाजवायचा. वाईट वाजवायला त्याला चांगलं वाजवता येणं भाग होतं. १९५६ नंतर तो अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर उभा राहून आपलं ते विनोदी व्हायोलिन वाजवत हिंडला, वादकांच्या निधीसाठी, सभागृहं वाचवण्यासाठी, आणि त्यातून लाखो डॉलर जमवून दिले. रेडिओवर एक पैसा सोडायला तयार नसलेला माणूस असा सढळ हाताचा होता. आपलं स्ट्रॅडिव्हेरियस हे मौल्यवान जुनं व्हायोलिन त्याने मरणोत्तर लॉस एंजलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाला दिलं.

त्या चोराच्या प्रसंगाची जन्मकथाही मला नंतर सापडली. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकबेरी हे दोन लेखक खोलीत बसले होते. 'पैसे की जीव' इथपर्यंत आले, पुढे जॅक काय म्हणेल ते सुचेना. जोसेफ्सबर्गने दोन-तीन उत्तरं सुचवली, टॅकबेरी कोचावर पडून गप्प. जोसेफ्सबर्ग चिडला आणि ओरडला, अरे, काहीतरी बोल ना! टॅकबेरी म्हणाला, "करतोय ना विचार!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटले. म्हणजे ते वाक्य कुणी घडवलेलंच नव्हतं. दोन थकलेल्या माणसांच्या मधल्या खऱ्या शांततेतून ते बाहेर पडलं.

पण त्या शांततेवर लोक हसले ते १९४८ साली. १९३२ पासून सोळा वर्षं, आठवड्यामागून आठवडे, एका माणसाने आपला चिक्कूपणा थेंबाथेंबाने लोकांच्या कानात साठवला होता. चोराने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर देशातल्या प्रत्येक श्रोत्याला आधीच ठाऊक होतं. जॅकला फक्त थांबायचं होतं, म्हणजे त्यांना ते मनात म्हणता येईल. हे धाडस मला अजूनही थक्क करतं. थेट प्रक्षेपण, पैसे मोजणारा प्रायोजक, एकेक सेकंद किमतीचा. तिथे गप्प राहायचं, समोरचा आपल्याला ओळखतो एवढ्या एका भरवशावर.

१९४९ च्या जानेवारीत तो एनबीसी ही रेडिओ कंपनी सोडून सीबीएस या दुसऱ्या कंपनीकडे गेला, १९५० पासून टेलिव्हिजनवरही दिसू लागला, आणि मे १९५५ मध्ये त्याचे रेडिओवरचे नवे कार्यक्रम थांबले. शेवटच्या वर्षांतली एक बाब माझ्या कामाची म्हणून लक्षात राहिली. मेरीला माइकसमोर उभं राहण्याची भीती वाटायला लागली होती, ती वाढतच गेली. मग ती आपली वाक्यं घरी टेपवर बोलायची आणि ती नंतर कार्यक्रमात जोडली जायची. मी हेडफोन लावून ते सांधे शोधले. काही ठिकाणी सापडल्यासारखं वाटतं. ज्या कुणी ते जोडले, त्याने मेरीच्या वाक्याआधी आणि नंतर नवराबायकोच्या बोलण्यात असते तेवढी जागा नेमकी राखली आहे. ती टेप कापणारे हात कुणाचे होते मला माहीत नाही, पण मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

२६ डिसेंबर १९७४ ला तो गेला, ८० वर्षांचा होऊन. वॉकीगनमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, आणि तिथल्या मुलांच्या संघांना थर्टीनाइनर्स म्हणतात. त्याने मृत्युपत्रात सोय करून ठेवली होती की मेरीला ती असेपर्यंत रोज एक लाल गुलाब जावा. तो रोज जात राहिला.

हे सगळं मी एकटीने ऐकलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी स्वयंपाक करता करता आई आणि मी रोज एक भाग लावत होतो. पहिले चार-पाच दिवस ती नुसती ऐकायची. मग विचारायला लागली, "आज तळघरात जाणार का गं तो?" मॅक्सवेल खोकली की म्हणायची, "पाणी घाल तिच्यात." रॉचेस्टर फोनवर बोलायला लागला की हातातलं काम थांबायचं. एकदा दुधवाल्याने सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये ठेवून घेतले, तर म्हणाली, "जॅक असता तर डेअरीपर्यंत चालत गेला असता."

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मी तिला न सांगता २८ मार्च १९४८ चा भाग पुन्हा लावला. ती पोळ्या लाटत होती. बाहेर पाऊस होता, म्हणून आवाज मोठा ठेवला होता. कोलमनच्या घरचं बोलणं झालं. पावलं वाजली. चोर आला.

"पैसे काढ, नाहीतर जीव घेईन!"

शांतता पडली. लाटणं थांबलं.

"नाही द्यायचा तो मेला," आई म्हणाली, आणि पीठ लागलेला हात तोंडावर ठेवून हसायला लागली. ती इतकी हसत होती, की चोर दुसऱ्यांदा काय म्हणाला ते आम्हा दोघींनाही ऐकू आलं नाही.